थोरल्या साडूंच्या विमानातला रेडिओ

देवाने सगळी माया यंत्रांसाठी निर्माण केली आणि माणसांच्या वाट्याला फक्त आरडाओरडा ठेवला, अशी ज्याची पक्की समजूत आहे असा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. राळेगावजवळच्या एका खेड्यात त्यांची कापसाची आणि तुरीची शेती आहे. ती त्यांची म्हणायची एवढंच. पेरणीपासून वेचणीपर्यंत सारं पाहतात त्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. भाऊंची (मी साडूंना भाऊच म्हणतो) सारी उमर जिनिंगच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांचा कडकडाट असा, की बाहेरचा माणूस आत शिरला तर पाच मिनिटांत कानांवर हात ठेवून पळत सुटायचा. भाऊ तिथे जेवायचे, डुलकीसुद्धा काढायचे. एखादं यंत्र बंद पडलं की त्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणायचे, "काय झालं माय? कोनं तरास देल्ला तुले?" त्याच सुमारास एकदा ताई घरी तापाने फणफणल्या होत्या. भाऊ संध्याकाळी आले आणि दारातूनच ओरडले, "आज चहा भेटन का नाही?" मी तिथेच बसलेलो होतो. चहा मी केला.

दुकानातून आणलेली कोणतीही वस्तू त्यांच्या घरात जशीच्या तशी नांदली नाही. त्यांच्या मते बनवणाऱ्याला अक्कल कमी असते आणि ती भरून काढणं हे विकत घेणाऱ्याचं काम असतं. आम्ही दिलेला मिक्सर त्यांनी त्याच दुपारी ओसरीवर उघडला. तेव्हापासून तो सुरू केला की ओट्यावरून चालू लागतो आणि चटणी होईपर्यंत ताई त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवतात. छताच्या पंख्याचा वेग त्यांनी असा वाढवला, की त्याखाली बसून पोळी खायची तर ती एका हाताने दाबून धरावी लागते. नेरला एका लग्नाला जाताना आमची एसटी बंद पडली. ड्रायव्हर नको नको म्हणत असताना भाऊ धोतरासकट गाडीखाली गेले आणि गाडी सुरू करूनच बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नाच्या पंगतीत त्यांनी खिशातून एक बोल्ट काढून मला दाखवला आणि समाधानाने म्हणाले, "हा फालतू व्हता." जेवण मला गेलं नाही.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर विमान बांधायला घेतलं, तेव्हा आम्हां नातेवाइकांना नवल वाटलं नाही, धास्ती मात्र वाटली. दोन माणसं बसतील एवढं हलकं विमान. त्यासाठी त्यांनी कापूस साठवायची कोठी रिकामी केली आणि कापूस घरात आला. कित्येक वर्षं ताई कापसाच्या ढिगात वाट काढत स्वयंपाकघरात जायच्या. गावात भाऊंचं नाव 'इमानवाला बह्याड', म्हणजे विमानवाला वेडा, असं पडलं. नागपूरकडच्या एका क्लबात जाऊन ते विमान चालवायलाही शिकले, परवाना मिळवला, सरकारी तपासण्या पार पाडल्या. यवतमाळच्या धावपट्टीवर न्यायला विमानाचे पंख ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली बांधून निघाले, तेव्हा राळेगावात चहाच्या टपरीवर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : "हे इमान पानी पाडते काय?" नाही म्हटल्यावर लोकांचा रस संपला. "मंग कायले बनवलं?" असं म्हणून ते पुन्हा चहाकडे वळले.

तरी ते उडालं. चांगलं उडालं. भाऊंना कधी चहालाही न बोलावलेल्या एका पुढाऱ्याने त्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि त्याचा बॅनर चौकात लावला. बॅनरवर पुढारी होता, विमान होतं, भाऊ नव्हते.

मग रेडिओ बिघडला. विमानात रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचं साधन नव्हे. विमानतळाच्या टॉवरशी आणि आजूबाजूच्या विमानांशी बोलायचं ते एकच साधन, आणि ते धड नसेल तर वर जायचं नसतं. भाऊंचा सेट जुना, दुसऱ्या कोणाच्या विमानातून निघालेला. त्यातून आधी खरखर, मग शिट्ट्या, मग नुसता भात शिजल्यासारखा आवाज येऊ लागला. "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा," असं भाऊ टॉवरला सारखं म्हणत आणि संतापत. त्यांनी अँटेना बदलली, इंजिनच्या तारांवर जाळीचं वेष्टण चढवलं, आणि तरीही जमेना तेव्हा सर्वांवर आरोप केले. टॉवरमधला माणूस तोंडात तंबाखूचा खर्रा ठेवून बोलतो. सेट विकणारा लुच्चा. आणि जमिनीवरून हातातल्या छोट्या सेटवर चाचणीसाठी बोलणारा मी, शाळेत जन्मभर पोरांवर ओरडलेला माणूस, माझा म्हणे आवाजच बारीक. "मास्तर, तुमी शिकवत व्हते का मंत्र म्हनत व्हते?"

जुना सेट खराबच होता, त्यात खोटं काही नाही. म्हणूनच तर खरी गोष्ट इतके दिवस लपून राहिली.

शेवटी नवा सेट आणला. तो जुन्यापेक्षा रुंद निघाला, तेव्हा भाऊंनी समोरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कानशीने घासून जागा केली. मागच्या तारांची रचनाही वेगळी. मी चष्मा पुसून तारांच्या जोडणीचा नकाशा वाचायचो आणि ते खुर्चीखाली पाय, पॅनेलखाली डोकं अशा अवस्थेत एकेक तार डाख देऊन जोडायचे. हेडफोनची पिन जिथे खुपसायची ती धातूची खोबण पत्र्याला टेकू नये, नाहीतर इंजिनाची घरघर कानात येते, म्हणून त्यांनी फायबरची चकती कापून मध्ये बसवली. त्या पत्र्याच्या पोटात तोंड घालून ते इतक्या हळुवारपणे बोलत होते, "आता बोलशीन ना बाई? चांगली बोलशीन ना?" की मला क्षणभर नको त्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं.

चाचणीच्या सकाळी नागपूरकडच्या त्या क्लबातून एक तरुण वैमानिक मुलगी आली. भाऊ आणि ती विमानात बसले, मी धावपट्टीच्या कडेला छोटा सेट घेऊन उभा राहिलो. इंजिन सुरू झालं. मी बटण दाबून विचारलं, "भाऊ, ऐकू येतंय का?"

भाऊंचा आवाज आला, खणखणीत, एक अक्षरही न तुटता : "मास्तर, बोला ना! कायले मुके झाले?"

मी पुन्हा बोललो. ओरडून बोललो.

"मास्तर, तुमचा सेट बंद हाये. काही कामाचे नाही तुमी."

मग त्याच सेटमधून त्या मुलीचा आवाज आला. "सर, तुमचं बोलणं अगदी स्पष्ट..." आणि ती मध्येच थांबली.

इंजिन बंद झालं. मी जवळ गेलो तोवर तिने स्वतःचा हेडफोन भाऊंना दिला होता आणि त्यांचा आपल्या कानांना लावला होता. तिने मला खूण केली. मी बोललो. तिने ऐकू येतंय अशी मान डोलावली. भाऊ तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"काका," ती त्यांच्यासमोर वाकून मोठ्याने म्हणाली, "रेडिओ उत्तम बसवलाय तुम्ही."

"मंग मले काहून आयकू येत नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी विमानाच्या चाकाकडे पाहिलं. उत्तर आम्हां दोघांना कळलं होतं. भाऊंना ते सर्वांत शेवटी कळलं. त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि त्याची तार हळूहळू गुंडाळत बसले.

यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं ते एका वाक्याचं होतं : कारखान्याने कान खाल्ले, कानात मशीन घातलं तरी फार फरक पडायचा नाही. परवान्याच्या मागच्या तपासणीच्या वेळी तिथला डॉक्टर तोंडासमोर बसून बोलला होता. भाऊंनी ओठ वाचून उत्तरं दिली होती आणि आपण ओठ वाचतोय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आता परवाना राहण्याचा प्रश्नच उरला नाही. घरी आल्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "मले मालूम व्हतं."

ते त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

"मंग सांगितलं काहून नाही?" भाऊ कडाडले.

"सांगितलं ना. लय डाव सांगितलं," ताई म्हणाल्या. "आयकू गेलं असतं तवा ना!"

मी हसलो. माझ्याशिवाय कोणी हसलं नाही.

गावाने मात्र मनापासून आनंद मानला. "बरं झालं, पडला असता एखाद्या दिवशी," असं म्हणणारे तेच होते, जे त्यांच्याकडून दुरुस्ती फुकटात करून घेत. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर आईला सांगितलं, "चला, आता तरी बाबा शांत बसतील." पुढाऱ्याने निरोप पाठवला की विमान आता नुसतंच पडून राहणार असेल तर चौकात खांबावर लावू, गावाची शोभा वाढेल. भाऊंनी यातलं काहीच ऐकलं नाही. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, कान गेले ते एका परीने ठीकच झालं. दुसऱ्या दिवशी ते धावपट्टीवर गेले आणि रेडिओच्या मागच्या ज्या तारा घाईत मोकळ्या राहिल्या होत्या त्या मेणाच्या दोऱ्याने एकेक करून बांधल्या. ज्यातून त्यांना कधीच काही ऐकू येणार नव्हतं, तो रेडिओ त्यांनी नीट, पुरता बसवला.

आता उडायची मनाई, पण इंजिन गंजू नये म्हणून अधूनमधून परवानगी काढून ते विमान पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालवून आणतात. मी सोबत जातो. छोटा सेट माझ्या हातात देतातच. मी बोललेलं पोचत नाही, पण ते बोलतात आणि मी ऐकतो. मागच्या खेपेस ताईही आल्या होत्या, भाकरीचा डबा घेऊन. काय वाटलं कोण जाणे, पदर खोचून त्या सरळ विमानात चढल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. भाऊ गांगरले. मग त्यांनी ताईंच्या डोक्यावर हेडफोन बसवला, पट्टा आवळला आणि कोणतं बटण दाबून बोलायचं ते बोट ठेवून दाखवलं.

विमान पट्टीवरून हळूहळू पुढे गेलं. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत वाऱ्याने झोपत होतं. मी पार टोकाला होतो, आणि माझ्या हातातल्या सेटमधून ताईंचा आवाज आला. अगदी जवळून बोलल्यासारखा. नवा रेडिओ खरंच उत्तम होता.

"पहिल्यांदा उडाले तवा मले इचारलं तुमी, संगं येतं का म्हनून. मी नाही म्हनली. भेव वाटलं. दुसऱ्या डाव इचारलं असतं तं आली असती मी. तुमी इचारलंच नाही."

मग भाऊ म्हणाले, "काय म्हनलं?"

"काई नाही. चालू द्या."

तिकडच्या टोकाला विमान वळलं आणि परत येऊ लागलं. काचेतून दोघंही दिसत होती. भाऊ पॅनेलवर बोट ठेवून काहीतरी समजावून सांगत होते, आणि ताई मान हलवत होत्या.