काही विचारायचंय का?

जव्हारला मुलींच्या एका वसतिगृहात रात्री राहायला बाई हवी होती. माझी सून आठवी शिकलेली, मी चौथी. त्यामुळे मुलाखत तिची, आणि सोबत मी. एकटी जाते म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी मुकादम आमच्या पाड्यावर येणार होता, दिवाळीनंतर वीटभट्टीवर कोण कोण येतंय ते विचारायला. आमचं शेत नाही. दुसऱ्याचं भात कापतो, कापणी संपली की भट्टी. नातीची शाळा दरवर्षी तिथेच तुटते. मुकादमाला हो म्हटलं की फिरता येत नाही, आणि नाही म्हटलं की तो जागा दुसऱ्याला देतो. सुनेला काम लागलं तर ती, नात आणि रात्री नातीला सांभाळायला मी, अशा आम्ही इथे राहणार होतो. नाहीतर सगळेच ट्रकमध्ये.

खोडाळ्याहून जीपमध्ये चेंगरून निघालो. वाटेत मी तिला बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. जास्त बोलणाऱ्या बाईला कोणी ठेवत नाही."

"बरं, आत्या."

"आणि पदर नीट घे."

"घेतलाय. तुम्ही आधी घाम पुसा."

आम्ही पोचलो तेव्हा एक पोरगी हातात फाईल घेऊन हसत बाहेर पडत होती. बारावी पास असणार.

आत टेबलामागे वसतिगृहाच्या मोठ्या बाई आणि एक मास्तर होते. मला त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. सून बरी बोलली. रात्री राहशील? राहीन. नवरा काही म्हणणार नाही ना?

"तो काय म्हणतोय, तो भट्टीवर असेल."

मास्तर हसले. ते हसणं चांगलं की वाईट, मला कळेना.

शेवटी बाई म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय का?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हण.

"त्यांच्याकडे काय बघतेस? काम त्या करणार आहेत का?"

सून "नाही काही" म्हणाली आणि उठली. दारात मी एका चपलेत पाय घातला, तोच ही मागे वळली.

"बाई, रात्री एखाद्या पोरीला ताप चढला आणि तुमचा फोन लागला नाय, तर मी तिला दवाखान्यात नेऊ, का तुमची वाट बघू?"

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी भट्टीवर नात तापाने फणफणली होती. मुकादम फोन उचलेना, आणि त्याला विचारल्याशिवाय निघायचं नाही म्हणून आम्ही सकाळपर्यंत बसून राहिलो. पोर जगली. एका कानाने कमी ऐकते.

"नेशील कशी?" बाईंनी विचारलं.

"गाडीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवीन."

"आणि मागे बाकीच्या मुली?"

गेलं काम, मी म्हटलं मनात. मग ती बोलली, "ते मला नाय माहीत. म्हणून तर विचारलं."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. "दोघी जरा बाहेर बसा."

पायरीवर बसल्या बसल्या मी तिला झाडलं. "तोंडाला कुलूप लावता येत नव्हतं?"

"तुमचं कुलूप लावूनच बसलो होतो ना भट्टीवर."

आतून आवाज येत होते आणि मला ते ऐकायचे होते. एक शब्द धड कळला नाही. ऊन पायांवर आलं तरी जागची हलले नाही.

मग तिला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावरून काही समजेना.

"काय झालं?"

"महिनाभर ठेवून बघणार. सोमवारी ये म्हणाल्या."

"आणि मग?"

"मग बघतील."

महिनाभराने ट्रक निघून गेलेला असणार. मी मुलाला फोन लावला. म्हटलं, मुकादमाला सांग, या वर्षी तू एकटा येणार.

"काम लागलं?"

"महिनाभर बघणार आहेत."

"मग नंतर नाय ठेवली तर? खाणार काय?"

"तू सांग त्याला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सून तोवर स्टँडकडे चालायला लागली होती. मी मागून निघाले.