पाणी डाव्या हाताला

नागपुरात सदर भागातल्या आमच्या घराचे पुढचे दार मोठ्या रस्त्यावर उघडे आणि मागचे एका बोळात. पुढच्या दाराने सगळे जग येई. मागच्या दाराने दोघेच येत: दूधवाला आणि वच्छलाबाई. दूधवाल्याच्या म्हशी बोळाच्या तोंडाशीच बांधलेल्या असत, त्याचे समजू शकतो. वच्छलाबाई मात्र महालातून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या बाजूहून, सायकलवर येत आणि तरीही मोठ्या रस्त्याला शक्यतो चाक लागू देत नसत. बागांच्या कुंपणाकडेने, धोबीघाटावरून, मालधक्क्याच्या मागून, देवळांच्या आवारांतून त्यांनी स्वतःसाठी एक वेगळे नागपूर जोडून ठेवले होते. त्यात मोटार नव्हती.

नऊवारी लुगडे, पायात कॅनव्हासचे बूट, हँडलला आमच्यासारख्या घरांतून नेलेल्या शिवणाची पिशवी. एखादा रस्ता ओलांडणे भागच पडले आणि ट्रक आला, तर त्या उतरत, सायकल धरून कडेला उभ्या राहत आणि ट्रककडे चक्क पाठ करत. धूळ बसेपर्यंत वळून पाहत नसत.

"त्याले काय पाहाचं?" त्या म्हणत. "तो काही आपल्याले पाहून नाही राहिला."

जन्म कोष्ट्याच्या घरातला. लहानपण हातमागाच्या आवाजात गेलेले. मी एकदा विचारले, की ज्या घरात दिवसभर खटखट चालते त्या घरातल्या माणसाला हॉर्नचा इतका राग का? त्या म्हणाल्या, "माग आपल्या हातापायानं वाजते, भाऊ. हॉर्न दुसऱ्याच्या घाईनं वाजते."

मी हिशेबखात्यातला माणूस. त्यांचा रस्ता मी सायकलला लावलेल्या मैलमापकावर एकदा तपासून पाहिला. सरळ रस्त्यापेक्षा दीड मैल जास्त भरला. आकडा मी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्या चहाची बशी खाली ठेवून हसल्या. "तुम्ही मैल मोजून राहिले. मी हॉर्न मोजते. माह्यावाला रस्ता कमी भरला का नाही, सांगा!"

त्या महालातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास त्याच शाळेत माझ्या पत्नीला, सुमनला, शिक्षिकेची जागा मिळाली. सुमनने लग्नानंतर, घर सांभाळून अध्यापनाची परीक्षा दिली होती. नेमणुकीच्या बातमीने ती दोन दिवस जमिनीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी जमिनीवर आली. शाळा सकाळी सातची. त्या वेळेला आमच्याकडून महालाकडे बस नव्हती. उरली सायकल. आणि सायकलला ती हात लावायला तयार नव्हती. कुमारवयात इतवारीत सायकल शिकताना मागून लॉरीने हॉर्न दिला आणि ती एका हातगाडीवरच्या पितळी भांड्यांत जाऊन पडली होती. भांड्यांचा तो आवाज, ती सांगे, अजून कानात आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितले होते: पुढच्या सोमवारी प्रार्थनेला उभ्या राहा, नाहीतर आम्ही दुसऱ्या उमेदवाराला बोलावू.

मी रोज सोडायला जाऊ म्हटले, तर माझी कचेरी उलट दिशेला. सुमन नकाराची चिठ्ठी लिहायला बसली, तोच मागच्या दाराची कडी वाजली.

"काहून वं, तोंड काहून असं?" वच्छलाबाईंनी विचारले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भेव सायकलचं का मोटारचं?"

"मोटारीचं," सुमन म्हणाली.

"मंग सायकलचा काय गुन्हा? चाल माह्यासंगं."

शहराबाहेरच्या एका तलावात जमिनीची एक लांबट जीभ शिरली आहे. भूगोलाच्या पुस्तकात अशा जागेला द्वीपकल्प म्हणतात. तीन बाजूंना पाणी, टोकाशी देवीचे लहानसे देऊळ आणि काठाकाठाने पायवाट. मोटार तिथे जाऊच शकत नव्हती, कारण जिभेच्या मानेशी दोन दगडी खांब होते आणि त्यांच्यामधून फक्त माणूस, बकरी किंवा सायकल जाई. वच्छलाबाईंची सायकलची शाळा ती; शिवणाच्या वर्गातल्या मुलींनाही त्यांनी तिथेच शिकवले होते. मुंबईचा समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. "पाहून काय करू? आपल्याले तीन बाजूनं पाणी पुरते. चौथ्या बाजूनं आपण घुसतो."

सुमन चौथ्या दिवशी तरंगल्यासारखी सायकल चालवू लागली. पाण्यावरचा वारा, पायवाट मोकळी, मागे धावणाऱ्या वच्छलाबाईंचा आरडाओरडा: "हँडल नोको दाबू वं, ते का शेंगदाणे हायेत?" एका फेरीत तिने चक्क गाणे म्हटले. मी काठावर बसून ऐकत होतो. लग्नानंतर इतक्या मोठ्याने गाताना मी तिला पहिल्यांदाच ऐकले.

शनिवारी तिघे वच्छलाबाईंच्या रस्त्याने शाळेपर्यंत जाऊन यायला निघालो. बोळातून बाहेर पडताच पहिले वळण डावीकडे होते. सुमन सरळ समोरच्या कुंपणात गेली. उठली, हसली. पुढच्या डाव्या वळणाला भिंत. त्यापुढच्याला बेशरमाचे झुडूप. मध्ये एक उजवे वळण आले, ते मात्र तिने झोकात घेतले. वाहन एकही नव्हते, म्हणजे भीतीचा प्रश्न नव्हता. मी थांबवले आणि म्हणालो, "ही फक्त डावीकडेच पडते आहे."

वच्छलाबाई सायकलला टेकून उभ्या राहिल्या. हवेत बोटाने गोल काढला. परत काढला. मग कपाळावर हात मारून मटकन खालीच बसल्या.

देवीची प्रदक्षिणा! त्या वाटेवर देवीला उजव्या हाताला ठेवून फिरायचे, पाणी डाव्या हाताला. माणसे तशीच जात, बकऱ्याही बहुधा तशाच जात असाव्यात. उलटी फेरी मारावी हे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. पाच दिवस सुमन उजवीकडे वळत होती, आणि फक्त उजवीकडे.

"अवं माय!" वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच माह्या साऱ्या पोरींचं डावंच कोपर सोललेलं राहाचं! मी म्हणे, ह्या पोरी अशा कशा एकाच अंगानं पडून राहिल्या!" आणि त्या हसू लागल्या. सुमन हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. सोमवारच्या आधी एकच दिवस उरला होता.

"बाई, उद्याच्या दिवस उलट फिरू का मी?" तिने हळूच विचारले.

"देवीले? छट्." मग त्या एकदम उभ्या राहिल्या. "पण महादेवाले चालते!"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावले. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा नसते. एका बाजूने, अभिषेकाचे पाणी बाहेर पडते त्या पन्हाळीपर्यंत जायचे, पन्हाळ ओलांडायची नाही, तिथूनच वळून आल्या वाटेने परत. म्हणजे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. शास्त्राने सांगितलेला सरावच तो!

रविवारी सकाळी दुसऱ्या एका तलावाच्या पाळीवरच्या महादेवाच्या मोकळ्या पटांगणात सुमनच्या फेऱ्या सुरू झाल्या. पन्हाळीपाशी आली की वच्छलाबाई ओरडत, "वळ, वळ, ओलांडशील तं पाप लागीन!" पापाच्या भीतीने ती अशी सफाईने वळे की मोटारीच्या भीतीने कधी वळली नसती. तिथले गुरव बाहेर आले.

"बाई, हे काय लावलं तुम्ही?"

"दर्शन चालू आहे, महाराज. पन्हाळ ओलांडली का आम्ही?"

"नाही."

"मंग बसा. पडली तं पाणी आणजा."

गुरवांनी पाणी आणले, नंतर खडीसाखर आणली, आणि दुपारपर्यंत तेही "डावीकडं, डावीकडं" ओरडू लागले. सोमवारी प्रार्थनेच्या पहिल्या ओळीला सुमन शाळेच्या पटांगणात उभी होती. तिचे डावे कोपर सोललेले होते. शाळेतल्या शिवणाच्या वर्गातल्या जुन्या मुलींनी ते ओळखले आणि एकमेकींना खुणावले, असे वच्छलाबाईंनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले.

पुढे बारा-तेरा वर्षे सुमन वच्छलाबाईंच्या मोटार नसलेल्या नागपुरातून शाळेत गेली. ते नागपूर दरवर्षी थोडे थोडे आक्रसत होते. एका बागेला भिंत आली, एका आवाराला कुलूप. वच्छलाबाई दुसरी फट शोधत. निवृत्त झाल्यावर त्या उमरेडला भावाकडे राहायला निघाल्या. बसने नाही, अर्थात. इतवारीहून छोट्या रुळांची गाडी जाई, तिच्या सामानाच्या डब्यात सायकलही जाई.

मी स्टेशनच्या फाटकाशी त्यांच्याबरोबर उभा होतो. सुमनला शाळेतून यायला उशीर झाला होता. गाडीची वेळ जवळ आली. समोर इतवारीचा तो गजबजलेला रस्ता: टेंपो, हातगाड्या, हॉर्न.

"ती मागच्या रस्त्यानं येईन," वच्छलाबाई म्हणाल्या. "भेट नाही होत वाटते."

आणि मला रस्त्यावरच सुमन दिसली. मोठ्या रस्त्यावर, सायकलवर, एका टेंपोच्या पुढे. टेंपोने हॉर्न दिला. तिने डावा हात लांब केला, त्याला थांबायला लावले आणि फाटकात सुरेख डावीकडे वळली.

टेंपो धूळ उडवत गेला. सवयीप्रमाणे वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाठ करायला हवी होती. त्या दिवशी केली नाही. धुळीत उभ्या राहून, दोन्ही हात वर करून, अख्ख्या इतवारीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "पाहा वं बाई! डावीकडं वळली माही पोरगी!"