पहिल्या लॉटची गाडी

माझा धंदा लोकांच्या कामात खोट काढायचा आहे. पांडेसऱ्यातल्या एका कापडाच्या गोदामात गेली बावीस वर्षं मी टाके तपासतो. टाका म्हणजे लूमवरून उतरलेला कापडाचा अख्खा तागा. तो टेबलावरून माझ्यासमोर सरकत जातो आणि मी त्यातला तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग शोधतो. दोष दिसला की खडूने खूण करायची, फार दिसले की सगळा टाका 'सेकंड'मध्ये ढकलायचा. लूम चालवणारे मला तोंडावर सेठ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही सवय गोदामात ठेवून घरी यायला मला कधी जमलं नाही. पोळीची कड, जिन्याचा रंग, दुसऱ्याच्या लग्नातल्या मांडवाची शिवण, मला सगळ्यात काहीतरी दिसतंच. बायको म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी मूर्ती मागून बघून याल."

त्यातून माझं एक ठाम मत होतं आणि ते मी कुणी न विचारता सांगत असे. पहिल्या लॉटचं काही घेऊ नये. लूमवर नवीन सेटिंग लावलं की पहिला टाका हमखास बिघडून उतरतो. मग गाडी असो, फोन असो की मिक्सर, पहिलं वर्ष दुसऱ्याला वापरू द्यावं आणि आपण दुसऱ्या वर्षी घ्यावं. या मतासाठी मला एक उदाहरणही घरातच मिळालं होतं, ते म्हणजे साडूभाऊ.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. भेस्तानला त्यांचं फरसाणचं दुकान आहे. माणूस शांत, कमी बोलणारा. त्यांनी एकदा बाजारात नुकतंच आलेलं वॉशिंग मशीन घेतलं. ते कपडे पिळायला लागलं की चालायला लागायचं. मोरीतून निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं आणि वायर संपली की थांबायचं. ही गोष्ट मी दोन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि एकदा तर दहाव्यालाही सांगितली. मशीन कसं चालायचं ते कंबर हलवून करूनही दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. साडूभाऊही हसायचे, पण खाली बघून.

तर अशा या माणसाने, म्हणजे मी, गेल्या वर्षी बाजारात पहिल्यांदाच आलेली, पहिल्या लॉटची, उंच मोठी एसयूव्ही घेतली.

का घेतली? कारण मी ती तपासली होती. शोरूममध्ये मी तिच्याभोवती दोन तास फिरलो. डोळे मिटून तिच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. सीटच्या शिवणीचे टाके एका बाजूने मोजत गेलो आणि दुसऱ्या बाजूने परत आलो. सेल्समन पोरगेला होता, तो आधी मागे मागे फिरला, मग दमून खुर्चीत बसला. दोन तासांत मला एकही दोष सापडला नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे मी हरखून गेलो आणि तिथल्या तिथे सही केली. कापडाला आत काही नसतं, वर दिसतं तेवढंच कापड. गाडीला आतही काहीतरी असतं, हे मी साफ विसरलो.

आत काय होतं ते आठव्या दिवशी कळलं. डिंडोलीच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर मी गाडी थांबवली. वॉचमन सलाम करायला पुढे आला आणि मागे डिक्की आपोआप, सावकाश, एखाद्या समारंभात पडदा वर जावा तशी उघडत गेली. वॉचमन डिक्कीकडे बघायला लागला. बाकावरचे तीन शेजारीही बघायला लागले. हे तिघेही माझ्याकडून वॉशिंग मशीनची गोष्ट ऐकून चुकलेले. आता मी काय करणार? मी मुद्दामच उघडली अशा ऐटीत खाली उतरलो, मागे गेलो, बायकोने मागवलेली लिंबांची पिशवी उचलली आणि वॉचमनच्या हातात दिली. "घे, तुझ्यासाठी आणली," म्हणालो.

त्या रात्री आमच्याकडे लिंबू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर जोडला, मान हलवली, चहा पाजला. "काका, नवुं मॉडेल छे ने, पहेलुं वर्ष छे. अपडेट आवशे," म्हणाला. अपडेट कधी येणार ते त्यालाही माहीत नव्हतं. तोपर्यंत डिक्की मनाला येईल तेव्हा उघडत राहिली. शिवाय डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा. पुढच्या सीटवर पिशवी ठेवली की तिला बेल्ट लावेपर्यंत गाडी ओरडायची, म्हणून मी पिशवीलाही बेल्ट लावायला लागलो. पण वायपर आणि पिशवी निभावून नेता येत होत्या. डिक्कीचं तसं नव्हतं, ती चारचौघांत उघडायची.

मग मी व्यवस्थाच लावली. डिक्कीत कायम केळी ठेवायची. डिक्की उघडली की उतरायचं, जो कोणी समोर असेल त्याला डझनभर केळी द्यायची, हसायचं आणि डिक्की लावून निघायचं. डिंडोलीच्या चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला केळी मिळाली. बायकोच्या भिशीतल्या बायकांना मिळाली. शाळेबाहेर एका अनोळखी बाईंना मिळाली, त्यांनी घाबरून घेतली. केळीवाल्याने एकदा विचारलं की तुमच्याकडे रोजच उपास असतो का. महिन्याभरात सोसायटीत माझं नाव झालं. ज्या शेजाऱ्याच्या दारातल्या रांगोळीतही मी चूक काढली होती, तो म्हणाला, "माणूस वरून कडक आहे, पण मनाचा मोठा." गणपतीत मंडळाच्या लोकांनी पहिल्या आरतीचा मान मला दिला. मी ताट हातात घेतलं तेव्हा बायको मागे उभी राहून एवढी हसली की तिला घरात जावं लागलं.

बायकोला अर्थातच सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "तुमच्या कापडात एवढं भोक असतं तर तुम्ही अख्खं गोदाम डोक्यावर घेतलं असतं."

"कापडाची गोष्ट वेगळी," मी म्हणायचो.

"ताईला सांगू का मी?"

तेव्हा मात्र मी तिला मुलांची शपथ घातली. जगात कुणालाही कळलं असतं तर चाललं असतं, पण भेस्तानला कळायला नको होतं.

आणि नेमका भेस्तानहूनच फोन आला. साडूभाऊंच्या आईचे गुडघे गेले होते. तिला आम्ही सगळे माय म्हणतो. साक्रीजवळच्या गावी मायची बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि तिला एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून माय रोज मागे लागलेली. साडूभाऊंची जुनी गाडी बुटकी. तिच्यात वाकून बसताना माय रडकुंडीला यायची. "उंच गाडी पाहिजे," साडूभाऊ म्हणाले. "तुमची बघू म्हणतो. तुम्ही घेतली म्हणजे पारखूनच घेतली असणार. रविवारी मायला घेऊन एक चक्कर मारू का?"

तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढचं लग्न उभं राहिलं, त्यात साडूभाऊ डिक्कीसारखे हात वर करून दाखवतायत आणि सगळं सासर हसतंय. मी म्हणालो, "या की."

रविवारी माय मागच्या सीटवर खिडकीशी बसली. पायरीवर पाय ठेवून सहज चढली आणि खूश झाली. शेजारी माझी बायको, पुढे साडूभाऊ. भेस्तानहून निघालो आणि पाच मिनिटांतच एका स्पीडब्रेकरवर डिक्की उघडली. गाडी चालू असताना ती पहिल्यांदाच उघडली होती. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, मागे गेलो आणि हसत हसत खिडकीतून मायच्या मांडीवर केळी ठेवली. "मायसाठीच आणली होती, विसरतच होतो," म्हणालो. साडूभाऊंना ते फार बरं वाटलं. मायने घड तसाच मांडीवर राहू दिला. बायको माझ्याकडे अशी बघत होती की मी आरसा वळवून ठेवला. पुढचा अर्धा तास मी तोंड बंद केलं नाही. बोलत राहिलो तर कुणाला काही सुचणार नाही, असा माझा हिशेब होता.

घरी आल्यावर बायको हसली नाही. एवढंच म्हणाली, "आज डिक्की उघडली. उद्या मायच्या बाजूचं दार उघडलं तर?"

मी ते चार दिवस कसे काढले ते मलाच माहीत. गोदामात माझ्या हातून तेलाचा भलामोठा डाग सुटला. लूमवाल्याने स्वतः फोन करून सांगितलं, "सेठ, तबियत ठीक है ना?" मला कळत होतं की सांगायला पाहिजे. रोज फोन उचलायचो, फरसाणाचे भाव विचारून ठेवायचो. साडूभाऊंनी शेवटी वैतागून घरी दोन किलो फाफडा पाठवला.

गुरुवारी साडूभाऊ गाडी बुक करायला निघाले आणि मला सोबत घेऊन गेले. तोच सेल्समन होता. मला बघून तो आधी जरा मागे सरकला. साडूभाऊंच्या हातात पेन आलं तसे ते त्याला कौतुकाने म्हणाले, "हे आमचे साडू. कापडातला एक धागा सोडत नाहीत. यांनी घेतली म्हणजे आम्ही डोळे मिटून घ्यायची."

"सही करू नका," मी म्हणालो.

आवाज इतका मोठा निघाला की चार टेबलांवरची माणसं वळली. मग मी थांबलोच नाही. डिक्की आपोआप उघडते. वायपर वाटेल तेव्हा फिरतो. पिशवीला बेल्ट लावावा लागतो. लिंबं, पोलीस, भिशी, पहिली आरती, सगळं सांगितलं. सेल्समन म्हणाला, "काका, अपडेट..." आणि मी त्याला हातानेच थांबवलं. मी साडूभाऊंच्या हसण्याची वाट बघत होतो. मनातून मला ते हसायला हवे होते.

साडूभाऊंनी पेनला टोपण लावलं. मग शांतपणे विचारलं, "रविवारी माय बसली होती, तेव्हा उघडली होती?"

"उघडली होती," मी म्हणालो.

सेल्समनला नंतर कळवतो म्हणाले आणि उठले. बाहेर मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो, तर ते रिक्षा थांबवून निघून गेले.

दोन दिवसांनी मीच भेस्तानला गेलो आणि म्हणालो, मायला गावी मी नेतो. साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. "एसटीने," मी म्हणालो. "माझ्या गाडीने नाही." त्यांनी मान डोलावली.

सकाळची धुळ्याची बस होती. मायला चढवताना मी खालून आधार दिला, कंडक्टरने वरून हात दिला, आणि ती तीन पायऱ्या तीन वेळा थांबून चढली. प्रत्येक पायरीला तिच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी उंच गाडी धुऊन पुसून उभी होती.

नवापूरला बस थांबली तेव्हा मी तिच्यासाठी चहा आणला. म्हटलं, लेकाला सांगितलं, आता हिलाही सांगून टाकावं. "माय, त्या रविवारी गाडीची डिक्की..."

"माले माहित व्हतं," माय म्हणाली. "मागथून वारा लागना ना."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस.

तिने चहा बशीत ओतला, फुंकला. "तू इतला हसीसनी केळं दिन्हं. म्हंतं, चारचौघास्मा तुनी इज्जत कसाले काढू? घर येस तोपर्यंत मी आपली दार घट्ट धरी बठनू."

कपबशी परत द्यायच्या निमित्ताने मी खाली उतरलो आणि बस हॉर्न द्यायला लागली तरी तिथेच उभा राहिलो. माझी अब्रू जाऊ नये म्हणून म्हातारी अर्धा तास दोन्ही हातांनी दार आवळून बसली होती, आणि तेवढा वेळ मी पुढे बसून तिला गाडीत एअरबॅगा किती आहेत ते सांगत होतो.