वगळलेलं कपाळ

नव्वदच्या दशकातली ती संक्रांत आठवली की आजही माझं डोकं फिरतं. जे. पी. नगरातल्या आमच्या घरी सासूबाईंचं हळदीकुंकू होतं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बेळगावकडच्या बाईला मीच आग्रहानं बोलावलं होतं. तिच्या नवऱ्यानं आनेकलला जमिनीच्या भांडणात दोघा भावांना ठार मारलं होतं आणि कोर्टानं त्याला फाशी सुनावली होती. मारलं ते मारलंच, तीही कधी नाही म्हणाली नाही. पण हायकोर्टाचा निकाल यायचा होता, त्यावर ती जीव धरून होती.

हॉलमध्ये बायकांना दुसरा विषयच नव्हता. "अशांना भर चौकात लटकवलं पाहिजे," एक तिळगूळ चघळत म्हणाली. "अपील कसलं करतात मेले!" दुसरीनं री ओढली. तेवढ्यात ती आली, तशा सगळ्या गप्प. साळसूद कुठल्या!

सासूबाई करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत निघाल्या. तिच्यापाशी आल्या आणि सरळ पुढच्या बाईच्या कपाळाला बोट लावलं. तिनं मान पुढे केली होती, ती तशीच राहिली.

"आई, एक राहिलं," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

"राहू दे गं," त्या पुटपुटल्या. "आज ना उद्या पुसायचंच आहे."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! "निकाल तुम्ही लावलात का? माणूस जिवंत आहे अजून!" म्हणत मी करंडा हिसकावला, तिला ठसठशीत हळदीकुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे तिनं मला लावावं म्हणून कपाळ पुढे केलं. तिनं बोट उचललं मात्र, सासूबाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"माझ्या मुलाचं आयुष्य काय वाटेवर पडलंय?"

तिनं बोट पदराला पुसलं. "सरी अक्का, बरं, येते," असं तिच्या कानडी वळणानं मला म्हणाली आणि निघून गेली. तिचं वाण तिथंच राहिलं. बायका पुन्हा तिळगुळाकडे वळल्या. एकीलाही लाज वाटली नाही!

त्या पावसाळ्यात हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. पुढच्या संक्रांतीला मी करंडा घेऊन तिच्या दारात गेले. तिच्या कपाळावर भलंमोठं कुंकू होतं. मी बोट बुडवलं, तर तिनं माझा हात अडवला.

"आधी तुमच्या सासूबाईंना विचारून या, अक्का," ती म्हणाली. "त्यांच्या लेखी आमचे हे जिवंत आहेत का अजून?"