फळ्यावरचं अर्धं वाक्य

आमच्या हायस्कुलातल्या शिक्षकांच्या लकबी सांगायला बसलं तर संध्याकाळ पुरायची नाही, आणि त्यातल्या बहुतेकांवर मी आजही मनापासून हसते. हेडमास्तरांना शिपायाने दिलेली घंटा कधीच पसंत पडत नसे. कुणाशी बोलत असले तरी बोलणं अर्धवट टाकून ते ऑफिसातून बाहेर येत, शिपायाच्या हातातला हातोडा काढून घेत आणि टोल पुन्हा पहिल्यापासून देत. पहिल्या घंटेवर वर्गात शिरलेली मुलं दुसरी ऐकून गोंधळून बाहेर यायची. इतिहासाचे सर लढाई सुरू झाली की डोळे मिटत, ते तह झाल्यावर उघडत. तोवर मागच्या बाकांवर अख्खी चिंच खाऊन व्हायची. आणि इंग्रजीच्या टीचर. बाकीच्या सगळ्या बाई, त्या मात्र टीचर. त्या क्रिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, आरोंद्याच्या. आठवडाभर शाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहायच्या. पेपर तपासताना गुणगुणत, आणि एखाद्याचा पेपर फारच वाईट असला की गाणं थांबायचं. आम्ही दाराआड उभं राहून गाणं कुणाच्या पेपरावर थांबतं ते बघायचो.

या लकबी. यांना लकबी म्हणायला माझी काही हरकत नाही. पण मराठीच्या सरांच्या पाटीलाही लोक हल्ली लकब म्हणायला लागलेत, तिथे माझं डोकं तडकतं.

पाटी लाकडी होती, गळ्यात घालायला सुतळी लावलेली. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘मी अशुद्ध बोलतो’. वर्गात मालवणी शब्द तोंडातून गेला की पाटी गळ्यात. दुसरा कुणी चुकला की तुमच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. त्यामुळे पाटी घातलेलं पोर दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाकडे टपून बसलेलं असे. मुलींसाठी वेगळी पाटी नव्हती. आम्ही मुलीसुद्धा ‘बोलतो’ असंच घालून फिरायचो. शुद्धतेची एवढी काळजी असलेल्या माणसाला ते चालत होतं.

सर परगावचे असते तर मी समजून घेतलं असतं. ते इथल्याच, कट्टा गावाच्या बाजूचे. रविवारी बाजारात आम्ही त्यांना ऐकायचो, “बांगडे कशे दिलंस गो?” आणि सोमवारी तोच माणूस ‘कशे’ म्हटलं म्हणून एखाद्याच्या गळ्यात पाटी अडकवायचा.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे बाबा मासेमारी करायचे. मालवणजवळच्या एका वाडीत त्यांचं घर. मुलगी हुशार, आवाज खणखणीत. कविता म्हणायला उठली की इतिहासाचे सरही डोळे उघडून शेजारच्या वर्गातून डोकावायचे. पाटी मात्र सगळ्यांत जास्त तिच्याच गळ्यात, कारण घरी दुसरी भाषाच नव्हती.

आम्ही नववीत होतो. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्या होत्या. एके दिवशी दुपारपासून वारं फिरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या, तिच्या बाबांची लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली ती आजीने पाठवलं म्हणून. घरी रडारड चाललेली, निदान पोरगी तरी तिथे नको. दोन तास ती बाकावर माझा हात धरून बसली होती. तिसरा तास मराठीचा. सर आले आणि ती उभी राहिली.

“सर, माका घराक जावचा आसा. बाबांची होडी येवक नाय.”

सरांनी पुस्तक उघडलं होतं. ते न मिटताच म्हणाले, “नीट सांग.”

“बाबा काल गेले ते येवक नाय अजून.”

“येवक नाय म्हणजे काय? क्रियापद कुठे आहे?”

वर्गात कुणीतरी हसलं. सवयीने हसलं असेल. तिने हसणाऱ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, “बाबा आले नाहीत.”

“कोण बाबा? कुठून आले नाहीत? पूर्ण वाक्य.”

मला वाटतं, होडी म्हणजे काय आणि ‘आली नाही’ म्हणजे काय हे सरांना तोपर्यंत पुरतं कळलेलं होतं. त्या दिवशी सकाळी सगळ्या गावात दुसरं बोलणंच नव्हतं. तरीही मी त्यांना संशयाचा फायदा द्यायला तयार असते, जर ते पुढे थांबले असते तर.

तिने वाक्य जुळवलं. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी ती म्हणाली, “माझे वडील समुद्रातून परत आलेले नाहीत.”

“शाब्बास,” सर म्हणाले. “येतं की तुला. आता हेच फळ्यावर लिही, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

ती गेली. खडू घेतला. ‘माझे वडील’ एवढं लिहिलं आणि तिचा हात तिथेच राहिला.

टीचर व्हरांड्यातून आठवीच्या वर्गाकडे निघाल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या सरळ आत आल्या, तिच्या हातातला खडू काढून टेबलावर ठेवला आणि तिचा हात धरला.

“टीचर, माझा तास चालू आहे,” सर म्हणाले.

“चालू द्या,” टीचर म्हणाल्या, आणि तिला घेऊन गेल्या. आठवीचा वर्ग तसाच सोडून, एसटीने तिला थेट घरी पोचवून आल्या.

तिचे बाबा दुसऱ्या दिवशी परत आले. इंजिन बंद पडून होडी वाऱ्याबरोबर उत्तरेला वाहत गेली होती आणि कुणकेश्वरच्या बाजूला लागली होती. तिथल्या लोकांनी त्यांना कोरडे कपडे दिले, जेवू घातलं, आणि टेम्पोतून घरी पाठवलं. वाडीत नारळ फुटले. सगळं गोड झालं, आणि म्हणूनच त्या वर्गातल्या प्रसंगाची गंमत झाली. बाबा परत आले नसते तर ती गोष्ट सांगायची कुणाची छाती झाली नसती. ते आले, म्हणून ती हसून सांगता येते. मला हे आजवर पचलेलं नाही.

आणखी एक पचलेलं नाही. त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी टीचरना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सरांची माफी मागायला लावली. दुसऱ्याच्या तासात शिरून शिस्त मोडली म्हणून. हे आम्हाला शिपायाकडून कळलं. सरांना कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी टीचर आमच्या शाळेत नव्हत्या.

माझी मैत्रीण त्यानंतर वर्गात कधी मोठ्याने वाचायला उठली नाही. सरांनी नाव पुकारलं तर उभी राहून गप्प. दहावी पास झाली, पुढे शिकली नाही. त्याला घरची कारणंही होती. सगळं खापर मी त्या एका तासावर फोडत नाही. पण त्या आवाजाचं काय झालं, हे मला कुणी विचारलं तर मी तो तासच दाखवेन.

यंदा मे महिन्यात, मुंबईहून सगळे आलेले असताना, आमच्या तुकडीने शिक्षकांचा सत्कार ठेवला. व्यासपीठावर इतिहासाचे सर, मराठीचे सर आणि आणखी दोघे. टीचर दिसल्या नाहीत म्हणून मी सूत्रसंचालन करणाऱ्या वर्गमित्राला विचारलं. तो मोबाइलवर मालवणी विनोदी व्हिडिओ टाकतो, चांगला लोकप्रिय आहे. म्हणाला, “त्या पर्मनंट नव्हत्या ना. पर्मनंटवाल्यांनाच बोलावलंय.”

मग तो माइकवर गेला आणि ती गोष्ट त्याने सांगितली. मैत्रिणीचा आवाज काढून, “माका घराक जावचा आसा”, आणि सरांचा आवाज काढून, “क्रियापद कुठे आहे?” मंडप हसून लोटपोट. सरही हसत होते, मान हलवत. सत्काराला उत्तर द्यायला उठले तेव्हा म्हणाले, “पोरांनू, आपली मालवणी टिकवक होयी. ती आपली ओळख आसा.” टाळ्या पडल्या.

मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातलं पोर “बाई, माका तान लागली” म्हणत येतं, तेव्हा मी आधी पाणी देते. ‘तहान’ हा शब्द नंतर, हळूहळू, कुठल्यातरी गोष्टीतून. त्यामुळे असेल, मला बसवेना. मी उठून माइकपाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण मालवणीतच आलं.

“सर, त्या दिवशी तुम्ही तिका फळ्यार वाक्य लिवक लावलात. तिचो बापूस दर्यात हुतो. ह्येच्यात हसण्यासारख्या काय आसा, ता माका कोणीतरी सांगा.”

सरांचा चेहरा लाल. ते शुद्ध मराठीत म्हणाले, “आम्ही तेव्हा कडक वागलो म्हणून तू आज शिक्षिका आहेस.”

“मी झाले सर,” मी म्हटलं. “ती झाली नाही.”

वर्गमित्राने गाणं लावलं. जेवणाच्या पंगतीत दोघीतिघी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, बोललीस ते खरं, पण आज बोलायला नको होतं, सर म्हातारे झालेत. मग कधी बोलायचं होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी कार्यक्रमाचा विचका केल्याची चर्चा अजून चालू आहे.

मैत्रिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा समुद्राकाठी खानावळ चालवतात. ती कार्यक्रमाला आलेली नव्हती, पण कार्यक्रमाच्या व्हिडिओचा एक तुकडा तिच्यापर्यंत पोचला होता.

“माझा नाव घेतलंस?”

“नाय.”

“बरा केलंस. पण परत माका इचारल्याशिवाय माझी गोष्ट सांगू नको.” हे इथे सांगण्याआधी मी तिला विचारलंय. मग ती म्हणाली, “सरांचा माका काय वाटणा नाय. टीचरांका माफी मागूक लावल्यानी, ता माका लागला हुता.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आरोंद्याला गेलो. तिच्या बाबांनी सुरमई दिली होती. टीचर खाडीकाठच्या घरात भावाकडे राहतात. केस पूर्ण पिकलेत, कानाला यंत्र आहे. मला त्यांनी ओळखलं नाही. तिला पाहिल्याबरोबर ओळखलं.

“बापूस बरो आसा?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“बरो आसा. अजून दर्यात जाता.”

चहा झाल्यावर मैत्रिणीने एवढी वर्षं मनात धरलेलं विचारलं. “टीचर, तुम्ही माफी कित्याक मागलात? तुमची काय चूक हुती?”

“नोकरी पक्की नाय हुती गो,” टीचर म्हणाल्या. “पण आधी तुका घराक पोचवलंय. मगे माफी मागलंय.”

त्या हसल्या, तीही हसली. मला हसू आलं नाही. या बाईंना एका शालीच्याही लायक न समजणारी माणसं अजून गावात मान वर करून फिरतात, हेच माझ्या डोक्यात होतं. त्या दोघी सुरमई घेऊन मागच्या पडवीत गेल्या आणि तुकड्या केवढ्या करायच्या यावरून त्यांचं बोलणं सुरू झालं. मैत्रिणीचा आवाज पार पुढच्या दारापर्यंत ऐकू येत होता.