एकशे साठ पँटींचे दात

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडात, हात राखून सांगायचं तरी, चारशे टाचण्या होत्या. समोरून पाहिलं तर मास्तर आणि साळिंदर यांच्यात फक्त गळ्यातल्या टेपचा फरक. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कंबरेभोवती टेप अशी आवळली की लहानपणी केलेले गुन्हे आठवले, आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणाले, "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारण्याची अक्कल मला नव्हती. मी ओळीनं अकरा गुरुवार गेलो. बाराव्या गुरुवारी पँट मिळाली आणि ती मला होईना. मास्तरांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि फार दमलेल्या आवाजात म्हणाले, "पँट बरोबर आहे साहेब. माणूस बदललाय."

त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाकडे कपडे शिवले नाहीत.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. उभं राहायचं तर मधोमध. कडेला गेलात की डोक्याला पायरी लागलीच. एक मशीन, एक इस्त्री, कापायचं टेबल आणि एक आरसा, ज्यात कुठलाही माणूस बारीक दिसे. निम्मा धंदा त्या आरशावर चालला होता. मशीन म्हातारं झालं होतं, दर आठ-दहा टाक्यांना एक टाका सोडायचं. नवीन मशीनसाठी मास्तर सात वर्षं पैसे साठवत होते. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, काजं करायच्या, बटणं लावायच्या. मास्तर सकाळी नऊला बसले की पाठ सरळ करायला दुपारी उठायचे, तेही नाइलाजानं. थकवा त्यांच्या अंगावर अगदी मापात बसला होता. कुठे सैल नाही, कुठे तंग नाही.

जगातला प्रत्येक खर्च ते पँटींत मोजत. घरभाडं म्हणजे चौदा पँटी. चष्मा म्हणजे सहा पँटी आणि एक शर्ट.

त्यांना एकच मुलगी. चौदा वर्षांची, वर्गात हुशार, आणि दात असे की एकाला दुसऱ्याचं पटत नव्हतं. वरचे दोन्ही सुळे खाली जागा मिळेना म्हणून वरच्या मजल्यावर राहायला गेले होते. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव 'दुमजली' ठेवलं. ती हसायची बंद झाली, मग बोलायची. डबा भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, "उत्तर येतं, पण देत नाही." एक दिवस मी बाही आखूड करायला गेलो असताना ती टेबलापाशी आली आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, या वर्षी मला काही नको. दात तेवढे नीट करून द्या."

"गुरुवारी बघू," मास्तर सवयीनं म्हणाले.

"अहो, ती गिऱ्हाईक नाही," वहिनी दात-ओठ खाऊन म्हणाल्या. "लेक आहे तुमची!"

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं. नवीन मशीन थांबेल. पण पैसे एकदाच आहेत. एकदाच शिवायचं. उसवून पुन्हा शिवायला काही उरणार नाही."

शोध सुरू झाला. मला बरोबर न्यायचं ठरलं. "तुम्ही काही बोलू नका साहेब," मास्तर म्हणाले. "नुसतं चष्मा लावून बसा. शिकलेला माणूस बरोबर असला की भाव जरा घाबरतो." आयुष्यात माझा इतका नेमका उपयोग कुणी केला नव्हता.

साध्या दातांच्या डॉक्टरनं त्यांना आधीच सांगितलं होतं की तारा लावणारे डॉक्टर वेगळे, त्यांचं शिक्षण वेगळं. हे मास्तरांना लगेच पटलं. "शर्टवाल्यानं कोटाला हात लावू नये," ते म्हणाले. हे वाक्य मी मुद्दाम सांगतोय, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं.

पहिला दवाखाना काचेचा होता. आत इतका गारवा की दात नसलेल्याचेही वाजावेत. तिथल्या मुलीनं आमच्यापुढे एक गुळगुळीत पुस्तक ठेवलं. धातूच्या तारा इतक्याला, दातांच्या रंगाच्या तितक्याला, आणि तार न दिसणारे पारदर्शक साचे हवे असतील तर आकडा तिनं बोलून दाखवला नाही, बोटानं दाखवला. मास्तरांनी मनात भागाकार केला. "चारशे वीस," ते माझ्या कानात पुटपुटले. "पँटी. माझं उरलेलं आयुष्य."

मग मात्र त्यांच्यातला शिंपी जागा झाला. "धातूच्या तारांचा हा भाव. धरून की सोडून?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाई, मी गिऱ्हाइकाला शिलाई सांगतो तेव्हा अस्तर सोडून सांगतो. बटणं सोडून. चेन सोडून. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि न्यायला येतं तेव्हा रडतं. तुम्ही काय काय सोडलंय?"

दवाखान्यातली मुलगी जरा बावरली. मग एकेक बाहेर येऊ लागलं. एक्स-रे सोडून. दातांचं माप सोडून. दर महिन्याला तार आवळायला यायचं ते सोडून. दातावर चिकटवलेली एखादी पट्टी निघाली तर ती सोडून. आणि सगळं संपल्यावर दात पुन्हा जागचे हलू नयेत म्हणून जो साचा घालायचा, तो रिटेनर, तोही सोडून. दीडशे पँटींचे बघता बघता दोनशे तीस झाले.

"माझ्यापेक्षा हुशार शिंपी आहेत," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, थोडा आदरच होता.

दुसऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. दवाखाना एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, जिना अरुंद, बसायला चार खुर्च्या आणि त्यातली एक डुगडुगणारी; ती माझ्या वाट्याला आली. डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "दोरा दातानं तोडता ना? पुढच्या दाताला खाच पडली आहे." मास्तरांनी चोरी पकडल्यासारखं तोंड मिटलं. मग बाईंनी आम्हा दोघांना बाजूला ठेवून मास्तरांच्या मुलीला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

मुलगी तोंडावर हात धरून म्हणाली, "वर्गात उत्तर द्यायचंय."

बाईंनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं.

मास्तरांनी बाईंकडे शिवलेला नमुना मागितला. बाईंनी कपाटातून प्लास्टरचे दात काढले, आधीचे आणि नंतरचे. मास्तरांनी ते उलटे करून मागची बाजू बघितली, बोट फिरवलं, वरचे खालचे एकमेकांवर टेकवून पाहिले. शिवण नेहमी उलट्या बाजूनं बघायची, हे ते मला वीस वर्षं सांगत आले होते. "काम आहे," ते हळूच म्हणाले. शिंप्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

भाव सगळं धरून एकशे साठ पँटी, हप्त्यानं. दोन वर्षं लागतील. माझी खुर्चीसुद्धा डुगडुगायची थांबली.

"फक्त," बाई म्हणाल्या, "जागा कमी आहे. चार दात काढावे लागतील. सुळ्यांच्या मागचे."

"किडलेत?"

"नाही, चांगले आहेत. पण ते काढल्याशिवाय बाकीच्यांना बसायला जागा नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. दुकानात येऊन बसले तेव्हा म्हणाले, "चांगलं कापड कापायचं नाही, साहेब. दाबून घ्यावं, शिवणीत जास्तीचं ठेवावं, चुण्या घालाव्यात. कापलेलं परत जोडता येत नाही. चाळीस वर्षांत मी कुणाचं चांगलं कापड वाया घालवलं नाही, आणि आता पोरीचे चार दात?"

"त्या शिकलेल्या आहेत," वहिनी म्हणाल्या.

"कापड कळायला शिकावं लागत नाही."

"तुम्हाला कापड कळतं हो. दात कुठे कळतात?"

"बाबा, मला त्या आवडल्या," मुलगी म्हणाली.

"तुला आवडल्या, तुझ्या दातांना विचारलंस का?"

आता इथे मी बोलायला हवं होतं. पण मला चष्मा लावून बसायला सांगितलं होतं, आणि मी बसलो. तेवढंच मला चांगलं येतं.

तिसरा डॉक्टर मास्तरांनी एकट्यानंच शोधला. दारावरच्या पाटीवर दात काढणे, दात बसवणे, दात पांढरे करणे, आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, तारा लावणे. माणूस हसतमुख. पाठीवर थाप मारून म्हणाला, "काढायचे कशाला? जागा आपण करू की!" एकशे वीस पँटी, सगळं धरून. मास्तरांना वाटलं, देव भेटला. शर्टवाल्यानं कोटाला हात लावू नये हे वाक्य त्या दिवशी त्यांना आठवलं नाही, आणि मला ते फार उशिरा आठवलं.

तारा लागल्या. मुलीच्या तोंडात आठवडाभर काही जाईना. नुसती पेज आणि दूध. गाल आतून सोलले. तरी ती तक्रार करेना. दर महिन्याला मास्तर मशीन बंद करून तिला घेऊन जात, दीड तास बसत, तार आवळून घेत आणि परत येत. डॉक्टर म्हणे, "झालंच आता, पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात गेलं की त्याच्या पुढच्या. मला थोडं हसू आलं, खोटं कशाला बोलू. "मास्तर," मी म्हटलं, "हा तुमचाच गुरुवार दिसतोय."

"हसा," मास्तर म्हणाले. "तुमच्या पँटीची वाट तुम्ही चालून बघितली. ही वाट माझी मुलगी तोंडात घेऊन चालतेय." आणि माझं हसणं तिथेच बसलं.

दीड वर्षानं दात एका ओळीत आले. सुळे खालच्या मजल्यावर उतरले. वहिनींनी तिला प्रकाशात उभं करून पाहिलं आणि त्यांचे हात काजावरच थांबले. ओळ सरळ होती, पण सगळी ओळच बाहेर आली होती, कवाड उघडं राहावं तशी. जागा केली ती पुढच्या बाजूला. मुलीला ओठ मिटता येत नव्हते. मिटायचे तर हनुवटीला जोर लावावा लागे, आणि मग हनुवटीवर लिंबाच्या सालीसारखे खड्डे पडत. वर्गातली पोरं फार हुशार असतात. त्यांनी नवीन नाव शोधायला एक दिवसही घेतला नाही.

डॉक्टर म्हणाला, "वय वाढेल तसं बसेल."

वहिनींनी हातातलं काम टाकलं, मुलीचा हात धरला आणि सरळ सायकलच्या दुकानावरचा जिना चढल्या. मास्तर मागून आले, मी त्यांच्या मागून. डॉक्टरबाईंनी तोंड पाहिलं, जुना एक्स-रे पाहिला. रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"या तारा काढून नवीन लावायच्या," त्या म्हणाल्या. "चार दात काढायचे आणि पुढची सगळी ओळ हळूहळू मागे न्यायची. पहिल्यापेक्षा वेळ जास्त लागेल, काम जास्त. खर्चही."

"माहिती आहे," मास्तर म्हणाले. "उसवून शिवायला नव्यापेक्षा जास्त पडतात. मी स्वतःच तसे घेतो." मग खुर्चीत जरा वाकून बसले आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "माझी चूक झाली बाई. तिला तुम्ही आवडला होतात."

"बाबा, राहू दे," मुलगी म्हणाली. बोलताना ओठ मिटत नसल्यामुळे तिचा प्रत्येक शब्द थोडा उघडाच राहत होता. "चला, आपण नवीन एक्स-रे काढून घेऊ."

दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन-दोन दात काढले. दोन्ही वेळा मास्तर बाहेरच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही वेळा मी शेजारी. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "साहेब, काढलेले दात परत देतात का हो?" मी म्हटलं, मागितले तर देतील. त्यांनी मागितले नाहीत.

पैसे एकदाचेच होते आणि ते संपले होते. जुनं मशीन आठाऐवजी चार टाक्यांना एक टाका सोडू लागलं. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग तयार कपडे घेऊ लागली. मास्तर दिवसा शिवत, संध्याकाळी दुसऱ्यांच्या दुकानांतून इस्त्रीची गाठोडी आणत. त्या काळात मी त्यांना एकही टाचणी तोंडात धरलेली पाहिली नाही. धरायला तोंड मिटावं लागतं आणि त्यांना सतत धाप लागलेली असे.

तारा निघाल्या तेव्हा मुलगी अठरा वर्षांची होती. दात छान बसलेत, ओठ मिटतात. शाळा तोवर संपली होती, त्यामुळे वर्गात उत्तर द्यायचं राहिलंच. पण सध्या ती एका कचेरीत फोन घेते आणि चांगली बोलते, असं वहिनी सांगतात.

गेल्या वर्षी जिन्याखालची खोली सोडली. तिथे आता फोनची कव्हरं मिळतात. मास्तर तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत, महिना पगारावर लोकांच्या पँटी आखूड करतात.