कुणाचा हात थांबणार?

डॉक्टर सिद्रामअप्पांची आणि माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. त्यांच्या सोलापूरच्या दवाखान्यात मी बार्शीहून कंपाउंडर म्हणून आलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. अप्पा बाहेर गेले असताना व्यंकटी नावाचा विणकर धावत आला. त्याची आई नरसम्मा मोरीत घसरली होती आणि तिला पाय उचलता येत नव्हता. मी ऐटीत सांगून टाकले, "खुबा मोडलाय. मोठ्या शहरात न्या. पैसे नसतील तर माग विका." बिचारा गिऱ्हाईक शोधायला निघालाही.

अप्पा परत आले, त्यांनी हे ऐकले आणि मला तसेच व्यंकटीच्या घरी नेले. ते मूळचे मैंदर्गीचे. रागावले की कानडीत बोलतात. त्यामुळे वाटेतले निम्मे मला कळले नाही. कळले तेवढे पुरेसे होते.

म्हातारीला तपासून होईतो व्यंकटीही परतला, तेव्हा अप्पांनी विचारले, "आता घरात कुणाचा हात थांबणार?"

व्यंकटी म्हणाला, "मागाला लागत्यात त्या सुताच्या कांड्या आईच भरती की. बायको गिरणीत जाती. ती हितं बसली तर तिची जागा जाती. मग माग ठिवून तरी काय करू?"

औषधाच्या बाटलीपलीकडचा खर्च मला तेव्हा प्रथम दिसला आणि माझीच मला लाज वाटली.

"तिथंबी वजन लावून निजवूनच ठेवतात. ते हितंच करू," अप्पा म्हणाले. "माग इकायचा न्हाय. पण म्हातारे, पाय आखूड राहील, हे आत्ताच सांगतो."

खाट मागाशेजारी आणली. पायाला पट्ट्या बांधून दोरी कप्पीवरून सोडली आणि तिला विटा लावल्या. आईची सेवा व्यंकटीने माग चालवता चालवता केली. सुनेचे काम सुटले नाही. नरसम्माने आधी पडल्यापडल्या सुताचा गुंता सोडवला, पुढे उशीला टेकून कांड्या भरल्या. आज ती काठी घेऊन लंगडत चालते. मागही चालू आहे.

त्यानंतर खुबा मोडलेले कितीतरी वृद्ध आले. प्रत्येक घरी अप्पांनी हाच प्रश्न आधी विचारला. काही जण वाचले नाहीत. फीचे विचारले की "घर चालू दे, मग बघू" म्हणत. ते बघणे बहुधा राहून जाई. आमचा पगार मात्र कधी चुकला नाही. हे त्यांना कसे जमते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

अप्पांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, हे सांगायला परवा नरसम्माकडे गेलो होतो. मला अप्पांसाठी देवाकडे जे मागायचे होते ते तीच बोलून गेली, म्हणून तिचेच शब्द इथे लिहितो:

"शंबर वरसं जगा म्हणून समदेच म्हणतील. तुमी त्यास्नी सांगा, मोरीत पाय जपून टाका. अप्पा पडले तर आमच्या आख्ख्या पेठेचा हात थांबंल की."